तिसरी घंटा

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आमच्या सासूबाई एक वाक्य हमखास बोलतात : "ठेवायचं काय, हे कुणीही सांगेल, टाकायचं काय, हे सांगायला डोळे लागतात." माळ्यावरची चिरलेली बरणी हातात घेऊन मी उभी असले की हे वाक्य खालून ऐकू येते, आणि बरणी निमूटपणे पुन्हा जागेवर जाते. या वाक्याचा खरा अर्थ मला यंदा कळला. पण तो दिवाळीत नव्हे, श्रावणात. आणि माळ्यावर नव्हे, संगणकाच्या एका काळ्याठिक्कर पडद्यापुढे.

संगणकाची आणि माझी ओळख तशी उशिराचीच. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. शाळेत मी लहान मुलांना अक्षरे गिरवायला शिकवते आणि घरी कादंबऱ्या लिहिते. दोन्ही कामे आजवर पाटी-पेन्सिलीवर आणि कागद-शाईवर भागत आली होती. पण हल्ली हस्तलिखित पाठवले की संपादक फोनवर फार गोड बोलतात, आणि शेवटी टाईप केलेली प्रत मागतात. तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्याकडचे एक वापरलेले यंत्र मला आणून दिले. "बाई, नव्या गोष्टी त्याला झेपायच्या नाहीत," तो म्हणाला, "पण लिनक्सवर ते अजून बरीच वर्षं ओढेल." लिनक्स म्हणजे काय, हे मी त्या वेळी विचारलेही नाही. त्या प्रणालीचा गाभा १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहून सगळ्या जगाला खुला केला, हे मला पुढे कळले. त्या दिवशी कळले ते एवढेच, की पडद्यावर मराठी अक्षरे छान उमटतात. मला तेवढे पुरेसे होते.

या यंत्रात माझ्या दोन कादंबऱ्या होत्या. आणि आबांचा आवाज होता.

आबा म्हणजे माझे वडील. मिरजेच्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षे खिळे जुळवले. डाव्या हातात स्टिक, उजवा हात केसच्या खणांवरून भिरभिरणारा. कान्याचा खण कुठला, रफाराचा कुठला, हे त्यांना न बघता कळे. शिशाचा खिळा उलटा असतो. कंपोझिटर उलटेच वाचतो. लहानपणी मी विचारत असे, "आबा, तुम्हाला उलटं कसं वाचता येतं?" ते म्हणत, "अगं, उलटं वाचणारा कुणीतरी असतो, म्हणून जगाला सुलटं वाचायला मिळतं." अखेरच्या दोन वर्षांत त्यांची दृष्टी गेली. संध्याकाळी ते जुन्या गोष्टी सांगत आणि मी त्या यंत्रावर ध्वनिमुद्रित करून घेई. अशा सत्तावीस संध्याकाळी जमल्या. चैत्रात आबा गेले. त्यानंतर ते मुद्रण ऐकायचा मला धीर झाला नाही. पण यंदाच्या दिवाळी अंकासाठी त्यांच्या छापखान्याच्या आठवणी लिहायच्या, असे मी संपादकांना कबूल करून बसले होते.

श्रावणातल्या एका संध्याकाळी मी मनाचा हिय्या करून यंत्र उघडले. ऐकायला लागण्याआधी मनात आले, हे सगळे एकाच ठिकाणी आहे. त्याची दुसरी प्रत असावी. विचार चांगला होता. पण ती प्रत मी त्याच डिस्कवर काढायला घेतली. एकाच्या दोन पोथ्या करायच्या आणि दोन्ही एकाच पेटीत ठेवून पेटी जपली म्हणायची, त्यातला हा प्रकार. शिवाय आवाज हा मोठा खादाड प्राणी आहे. सीडीच्या प्रतीचा आवाज कसलीही काटछाट न करता ठेवला तर एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाईट जागा खातो. म्हणजे तासाला ६०० च्या घरात. प्रत निघत असतानाच कुकरची शिट्टी झाली. मी उठून गेले. परत आले तो पडद्यावर इंग्रजीत काहीतरी सूचना होती. नको असलेल्या पाहुण्याला "बरं, बरं" म्हणून वाटेला लावावे, तशी ती सूचना मी मिटवून टाकली आणि यंत्र बंद केले.

दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केले. नेहमीप्रमाणे नाव आले, संकेतशब्द विचारला. मी तो घातला. पडदा एकदा लवला, क्षणभर काळोख झाला, आणि पुन्हा तेच दार! पुन्हा नाव, पुन्हा संकेतशब्द. चार वेळा आत घेतल्यासारखे केले आणि चारही वेळा उंबऱ्याबाहेर आणून उभे केले. माझ्या पोटात गोळा उठला. घाबऱ्याघाबऱ्या त्या विद्यार्थ्याला फोन लावला.

"बाई, संकेतशब्द चुकीचा असता तर त्यानं तसं सांगितलं असतं," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही आत जाताय, पण आत गेल्यावर मांडामांड करायला काहीतरी आडवं येतंय. आपण मागच्या दारानं जाऊ. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन, या तीन कळा एकदम दाबा."

दाबल्या. आणि निळे आकाश, खिडक्या, चित्रे, सगळे नाहीसे झाले. राहिला फक्त काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ : नाव सांगा.

नाव टाईप केले. संकेतशब्द घालू लागले तो पडद्यावर काहीच उमटेना. ठिपका नाही की फुली नाही. "अरे, कळफलकही गेला की!" मी ओरडले. तो हसला. "तिथं काहीच दिसत नाही, बाई. किती अक्षरं आहेत हेसुद्धा शेजाऱ्याला कळू नये म्हणून. तुम्ही बिनधास्त लिहा." डोळे मिटून लिहिले. खाली डॉलरचे चिन्ह उमटले आणि त्याच्यापुढे एक बारीक रेघ लुकलुकू लागली. अमावास्येच्या रात्री लांबच्या वस्तीवरचा एकच कंदील दिसावा, तशी.

"आता लिहा, स्टार्टएक्स. सहा अक्षरं, मध्ये जागा सोडायची नाही."

हा शब्द त्याने फार सहज उच्चारला. मी लिहिला आणि कळ दाबली. पडदा लवला, ओळींचे एक लेंडार सरसर वर गेले आणि पुन्हा तेच डॉलरचे चिन्ह. समोरच्या दाराने जे नाकारले, ते मागच्या दारानेही नाकारले. मग त्याने मला डिस्कचा हिशेब विचारणारी दोन अक्षरी आज्ञा द्यायला सांगितली. उत्तर आले : वापर १०० टक्के.

"हेच!" तो म्हणाला. "चित्रांचा पडदा उघडण्याआधी यंत्र तुमच्या घरात एक छोटीशी चिठ्ठी लिहून ठेवतं. या पडद्यावर लिहा-पुसायचा परवाना कुणाला, याची. तुमच्या घरात ती चिठ्ठी ठेवण्यापुरतीही जागा राहिलेली नाही. एखादी मोठी फाईल काढून टाका, दार उघडेल."

मोठ्या फायली म्हणजे आबाच. दोन कप्पे होते; एक मूळ, दुसरा कालची अर्धवट प्रत. अर्धवट प्रत टाकायला माझी हरकत नव्हती. मी यादी मागवली. यादी आली, आणि माझे हातपाय गळाले. नावांच्या जागी नुसत्या चौकटी! 'छापखाना' नाही, 'महापूर' नाही, 'आईचे लग्न' नाही. चौकट, चौकट, चौकट.

त्याने कारण सांगितले. हा काळा पडदा फार साधा असतो. त्याच्या अक्षरपेटीत फार तर ५१२ आकृत्या मावतात, आणि क ला काना जोडावा, र चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा, ही कारागिरी त्याला येत नाही. आबांच्या केसमध्ये जेवढे खण होते, तेवढीसुद्धा सोय या यंत्राच्या मागच्या खोलीत नव्हती! मराठी आपले पुरते रूप घेऊन उभी राहते ती पुढच्या, चित्रांच्या दालनात. इथे तिच्या नुसत्या रिकाम्या जागा.

"आकड्यांवरून मोठा कप्पा, लहान कप्पा ओळखता येईल," तो म्हणाला, पण त्याचाच आवाज अडखळला. "फक्त नाव टाईप करता येणार नाही. खुणेनं उडवावं लागेल. आणि बाई, इथं पुसलेलं कचरापेटीत जात नाही. गेलं ते गेलं."

मी कळफलकावरचे हात उचलून मांडीवर ठेवले. ठेवायचे काय हे कुणीही सांगेल. टाकायचे काय हे सांगायला डोळे लागतात. आणि माझे डोळे त्या चौकटींवर आंधळे झाले होते. आबांना शेवटी सगळे जग असेच दिसत असेल का? आकार आहेत, जागा आहेत, पण नाव वाचता येत नाही.

"नको," मी म्हणाले. "अंदाजानं मी काही पुसणार नाही. दिवाळी अंक राहिला तर राहील."

तिकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "थांबा. आपण तुमच्या वस्तूंना हातच लावायचा नाही. यंत्राची कोठी झाडू." मग त्याने समजावले. यंत्र वेळोवेळी स्वतःच्या डागडुजीसाठी सामानाचे गठ्ठे मागवते. सामान बसवून झाले तरी ते गठ्ठे कोठीत तसेच पडून राहू शकतात. ते टाकले तर कुणाचेच काही जात नाही. लागले तर पुन्हा आणता येतात. पण हे काम मालकाच्या अधिकाराने करावे लागते. "आणि मालकाचं काम अडत नाही, बाई. अशा डिस्कवर बहुधा शंभरातले पाच भाग मालकासाठी राखून ठेवलेले असतात. बाकीच्यांना १०० टक्के भरलं असं सांगतात, तेव्हाही त्याच्याकडे थोडी जागा असते."

हे ऐकून मला हसू आले. माझी आई महिनाअखेरीला "डबा संपला" म्हणायची, आणि पाहुणा आला की त्याच डब्याच्या तळातून ओंजळभर तांदूळ निघायचे. पृथ्वीच्या पाठीवर कुठेही जा, संसार करणाऱ्याला तळाशी काही राखून ठेवावेच लागते.

कोठी झाडली. पुन्हा हिशेब विचारला : ९६ टक्के. पुन्हा ती सहा अक्षरे लिहिली. बोट कळेवर ठेवले आणि क्षणभर थांबले. नाट्यगृहात तिसरी घंटा होते, दिवे मंद होतात, आणि पडदा वर जायच्या आधी एक क्षण सगळे सभागृह श्वास रोखते. तसा माझा श्वास रोखला गेला. कळ दाबली. काळोख झाला. मग पडद्यावर एक छोटासा बाण उमटला. आणि मागोमाग आकाश, खालची पट्टी, कोपऱ्यातले घड्याळ. मी कप्पा उघडला. 'छापखाना'. 'महापूर'. 'आईचे लग्न'. सगळी नावे आपापल्या काना-मात्रांसह जागेवर होती. लहान मुलाला पाटीवर पहिल्यांदा आपले नाव वाचता येते, तेव्हा ते जसे बघते, तशी मी त्या तीन शब्दांकडे बघत राहिले.

पहिले काम केले ते म्हणजे बाजारातून एक वेगळी डिस्क आणून सगळे तिच्यावर उतरवले. दुसरी पोथी आता दुसऱ्या पेटीत, आणि ती पेटी धाकट्या बहिणीच्या घरी आहे.

पण ती सहा अक्षरे डोक्यातून जाईनात. त्यांत हा 'एक्स' कोण? मी विद्यार्थ्याला छळून छळून विचारले. त्याने सांगितलेली हकीकत एखाद्या नाटक मंडळीच्या इतिहासासारखी आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९८३ साली 'अथेना' नावाचा एक प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी जागोजागी संगणक ठेवायचे होते. पण ते वेगवेगळ्या कारखान्यांचे, एकाची भाषा दुसऱ्याला न कळणारी. सगळ्यांवर सारख्या चालतील अशा खिडक्या हव्या होत्या. १९८४ मध्ये रॉबर्ट शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी त्या तयार करायला घेतल्या. स्टॅनफर्डहून आलेली एक आधीची रचना हाताशी होती. तिचे नाव 'डब्ल्यू', म्हणून तिच्यावरून बेतलेल्या नव्या रचनेचे नाव त्याच्या पुढचे अक्षर, 'एक्स'! बारशाला इतका कमी वेळ घालवलेले दुसरे बाळ माझ्या ऐकण्यात नाही. १९८७ च्या सप्टेंबरात तिची अकरावी आवृत्ती आली, आणि माझ्या जुन्या यंत्रावर आजही तीच अकरावी चालते.

ही एक्स म्हणजे खरे पाहता नुसते नाट्यगृह. पडद्यावर रेघ कुठे ओढायची, कुठली कळ दाबली, बाण कुठे सरकला, एवढेच तिला कळते. नट म्हणजे आपले लिहिण्याचे, ऐकण्याचे कार्यक्रम. ते तिच्याकडे रंगमंच मागतात. खिडक्यांना चौकट, मथळा, हलवायची सोय देणारा सूत्रधार आणखी वेगळाच. स्टार्टएक्स हा फक्त निरोप्या : तो आधी नाट्यगृह उघडतो, मग घरातल्या एका कागदावर खेळाचा क्रम लिहिला असेल तर त्याप्रमाणे एकेकाला बोलावतो. कागद नसेल तर रिवाजाप्रमाणे जो खेळ ठरलेला असेल तो लावतो. माझ्या घरात तो कागद नव्हता. म्हणून त्या दिवशी नेहमीचाच खेळ लागला. हल्ली अनेक ठिकाणी या जुन्या नाट्यगृहाऐवजी वेलँड नावाची नवी बांधणी वापरतात. ती २००८ साली सुरू झाली, आणि तिथे स्टार्टएक्स लागत नाही. रंगमंच आणि सूत्रधार एकाच अंगात असतात, त्याला थेट नावाने हाक मारायची. माझे यंत्र मात्र माझ्यासारखेच, जुन्या मंडळीतले.

मग मला खोड लागली. एका रविवारी मीच तो कागद लिहून पाहिला. त्यात एकच नाव घातले. काळ्या रंगमंचाच्या कोपऱ्यात एकटी लिहिण्याची खिडकी उभी राहिली. तिला चौकट नाही, मथळा नाही, हलवायला जावे तर हलत नाही. सूत्रधाराला बोलवायला मी विसरले होते! ती खिडकी मिटताच सगळे नाट्यगृहच बंद झाले आणि मी डॉलरच्या चिन्हापाशी परत. नंतर सूत्रधार आणला, घड्याळ आणले, बाणाच्या मागे बुबुळे फिरवणारे दोन डोळे आणले. आमच्या शेजारची पोरे त्या डोळ्यांवर इतकी खूश झाली की मला दोन दिवस लिहायला यंत्र मिळाले नाही.

एकदा मात्र खेळ सुरू होताहोताच संपला. दहा वेळा पाहिले, चूक सापडेना. फोन केला. "शेवटच्या ओळीपुढे ते जोडचिन्ह टाकलंय का?" त्याने विचारले. टाकले होते. प्रत्येक ओळीपुढे टाकायचे, तसे तिथेही टाकले होते. तो म्हणाला, "त्या चिन्हाचा अर्थ, 'तू तुझं काम कर, मी थांबत नाही.' बाकी सगळ्यांना तसं म्हणता येतं, बाई. शेवटच्यापाशी मात्र थांबावं लागतं. तिथं कुणी थांबलं नाही, तर सगळं संपलं असं समजून पडदा पडतो."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. चैत्रातल्या त्या आठवड्यात शाळेच्या परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते, प्रकाशकाची घाई होती. त्या रात्री मी आबांपाशी थांबले होते. थांबले होते, हे एवढेच माझ्या पदरी आहे.

हल्ली माझे यंत्र सुरू होते तेच काळ्या पडद्यावर. मीच तशी आज्ञा देऊन ठेवली आहे. सासूबाईंना हे पसंत नाही. "दिवा लावायच्या आधी अशी अंधारात काय बसतेस?" असे त्या विचारतात. त्यांना काय सांगू? रोज चित्रांचे दालन आयते उघडे मिळे, तेव्हा त्याच्या मागे कुणी उलटे वाचत बसले आहे, याची मला आठवणही नव्हती. आता मी आधी मागच्या खोलीत जाते, सहा अक्षरे जुळवते, आणि मग पुढे येते. छापखान्यात आबा असेच मागच्या दाराने जात असत.

त्या श्रावणातल्या दिवशी नावे दिसू लागल्यावर मी 'छापखाना' उघडले होते. थोडी खरखर झाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दर संध्याकाळी यंत्र लावले की आबा आधी एकच प्रश्न विचारीत, आणि मी दरवेळी "हो" म्हणे. तो प्रश्न मी पार विसरले होते. अंधाऱ्या खोलीत तो स्वच्छ ऐकू आला :

"झालं का गं सुरू?"

"हो, आबा," मी म्हणाले, आणि वही पुढे ओढली.